ही धूळ कुणाच्या रानातली?

तो रविवार होता, 23 जानेवारी 2022. दुपारी पुण्याहून लेकीचा फोन आला. सूर तक्रारीचा. "आई, सकाळी दांडीवर टाकलेलं सगळं धुणं परत भिजवलं. पांढरट पूड बसलीय सगळ्यावर. गाड्या तर पिठाच्या गिरणीत उभ्या केल्यासारख्या झाल्यात." मी म्हटलं, शेजारी कुठं बांधकाम चालू असेल. ती म्हणाली, "अगं, सगळ्या पुण्यात हेच आहे. मुंबईतसुद्धा."

मी अंगणात येऊन वर पाहिलं. सूर्य फिक्कट, ताटलीसारखा. आमच्या नेकनूरला थंडीत असं मळभ येतं अधूनमधून, म्हणून लक्ष दिलं नव्हतं. सासूबाई ओट्यावर तूर निवडत होत्या. त्यांनी सुपाच्या कडेवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ही माती आपल्या रानातली न्हाई माय. आपली काळी असती."

दुसऱ्या दिवशी बातम्या आल्या आणि सासूबाई बरोबर निघाल्या. ती धूळ पाकिस्तानातून, कराचीच्या बाजूनं उठलेल्या वादळाची होती. अरबी समुद्र ओलांडून ती गुजरात आणि महाराष्ट्रावर आली. कराची ते मुंबई सरळ रेषेत नऊशे किलोमीटरच्या आसपास भरतं. एवढ्या लांबची माती माझ्या लेकीच्या दुपट्ट्यावर बसली! मुंबईत त्या दिवशी भर दुपारी पारा 24 अंशांच्या आसपासच राहिला, कारण ऊन खाली पोचेचना. उपग्रहाच्या चित्रात निळ्या समुद्रावर मातकट पट्टा स्पष्ट दिसत होता. कुणी ओल्या फरशीवरून मळका पोछा ओढावा तसा. आणि हे काही पहिल्यांदा घडलं नव्हतं. एप्रिल 2015 मध्ये अरबस्तानातून उठलेली धूळ अशीच मुंबई-पुण्यापर्यंत आली होती.

मैत्रिणींनो, तेव्हापासून मला या चित्रांचा नादच लागला आहे. धाकट्याच्या मोबाइलवर मी ती बघत बसते. घरात चेष्टा होते, "आई आता वेधशाळेत लागणार". होऊ दे. ज्या बाईनं उभा जन्म धूळ झाडली, तिला ती येते कुठून हे विचारायचा हक्क नाही का?

तर हे उपग्रह दोन तऱ्हांचे असतात. एक आपले इन्सॅटसारखे. ते 36,000 किलोमीटर उंचीवर एकाच जागी उभे राहिल्यासारखे दिसतात आणि अर्ध्या अर्ध्या तासाला आपल्या देशाचं चित्र पाठवतात. टीव्हीवर ढगांची चित्रं दाखवतात ती यांचीच. दुसरे आठशे-साडेआठशे किलोमीटरवरून उत्तर-दक्षिण फेऱ्या मारणारे. ते आपल्यावरून साधारण दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमाराला जातात. पहिल्याची नजर हलत नाही पण बारीक दिसत नाही, दुसऱ्याला बारीक दिसतं पण तो थांबत नाही. गल्लीतल्या आजीबाई आणि पोस्टमन म्हणा ना!

धूळ आणि ढग वरून सारखेच पांढुरके दिसतात, मग ओळखायचं कसं? साडीवरचा डाग ट्यूबलाइटखाली दिसत नाही आणि उन्हात धरला की लगेच दिसतो, तसंच आहे हे. उपग्रह डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाशिवाय उष्णतेच्या किरणांतही बघतो आणि अतिनील किरणांतही. ढग वेगळं वागतो, धूळ वेगळी, धूर आणखी वेगळा. मग संगणकावर त्यांना रंग दिले जातात. अशा एका प्रकारच्या चित्रात धूळ चक्क गुलाबी दिसते. वाळवंटावरून निघालेला गुलाबी पदर समुद्रावर पसरताना बघितला, तेव्हा मी पोळी तव्यावर करपवली.

यात आपल्या कल्पना चावलाचीही आठवण आहे. 1 फेब्रुवारी 2003 ला कोलंबिया यान परतताना तुटलं. त्या दिवशी किती घरांत टीव्हीपुढे बसून बायकांनी डोळे पुसले. पण त्या सोळा दिवसांच्या मोहिमेत एक प्रयोग वाळवंटातल्या धुळीचा होता, हे फार थोड्या जणींना माहीत असेल. यानातून खास कॅमेऱ्यानं हवेतली धूळ टिपायची, असा इस्रायलच्या शास्त्रज्ञांचा तो प्रयोग होता. पुढं चारच दिवसांनी भारतानं आपल्या हवामान उपग्रहाला 'कल्पना-1' हे नाव दिलं. त्यानं कितीतरी वर्षं आपल्याला ढग दाखवले.

आणि धूळ म्हणजे नुसता तापच असंही नाही बरं. 2014 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भुवनेश्वरच्या आयआयटीतले व्ही. विनोज त्या अभ्यासात होते. पावसाळ्यात अरबी समुद्रावर पश्चिमेकडची धूळ आली की ती ऊन शोषते, वरची हवा तापते, वारे जास्त बाष्प ओढून आणतात आणि आठवड्याभरात मध्य भारतात पाऊस वाढतो, असं त्यांना आढळलं. बीडच्या माणसाला पावसाचं कुणी काही सांगितलं की आपण हातातलं काम टाकून ऐकतो. त्यामुळे त्या वाळवंटाला मी एकदम वाईट म्हणणार नाही.

माझं भांडण वेगळंच आहे. त्यासाठी आधी धुराकडे यावं लागेल.

फाल्गुन संपत आला की आमच्याकडे बांध पेटायला लागतात. बालाघाटाच्या डोंगरावर गवत वाळून कोळ झालेलं असतं. इकडं उसाचं पाचट, तिकडं पऱ्हाट्या, बांधावरचं कुसळ. मांजरसुंब्याच्या घाटातून संध्याकाळी येताना कुठं ना कुठं लाल रेघ दिसतेच. शेतकऱ्याला उगाच दोष द्यावा असं मला वाटत नाही. पाचटाची कुट्टी करायला यंत्राचं भाडं लागतं, बांध साफ करायला मजूर मिळत नाही, सापकिरड्याची भीती असते, आणि काडी एका रुपयात सगळं काम करते. पण ती काडी बांधापाशी थांबत नाही. मराठवाड्यात आधीच जंगल नखाएवढं. नायगावचं मोरांचं अभयारण्य इथून फार लांब नाही. पालवणच्या उजाड डोंगरावर सह्याद्री देवराई उभी राहिली आणि फेब्रुवारी 2020 मध्ये वडाच्या झाडाला अध्यक्ष करून तिथं वृक्षसंमेलन भरलं, ते आपल्याच जिल्ह्यात. उन्हाळ्यात अशा प्रत्येक डोंगरावर गवताची धास्ती असते.

आता उपग्रह हे सगळं बघतो का? बघतो. जमिनीवर आग असली की तिथून उष्णतेचे किरण जास्त येतात, ते तो टिपतो आणि नकाशावर लाल ठिपका उमटतो. नासाचा 'फर्म्स' नावाचा नकाशा आहे, कुणालाही फुकट बघता येतो. उपग्रह गेल्यावर साधारण तीन तासांत ठिपके येतात. जुनी तारीख टाकून मागचंही बघता येतं. मजकूर इंग्रजीत आहे, पण ठिपका वाचायला कुठं इंग्रजी लागतं?

फक्त हा ठिपका समजून घ्यायला हवा, नाहीतर गावात डोकी फुटतील. त्या उपग्रहाचा एक चौकोन 375 मीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो. म्हणजे जवळजवळ 35 एकर. ठिपका पडला म्हणून 35 एकर जळालं असं नाही. त्यात कुठंतरी चांगली आग होती, एवढाच अर्थ. कुणाच्या गटात, कुणाच्या हातानं, हे त्याला सांगता येत नाही. ढग असेल तर दिसत नाही, आग लहान असेल तर सुटते. आणि उपग्रह जाऊन आल्यावर पेटवली तर त्याला पत्ताच नाही. पंजाबात हेच झाल्याचं 2024 मध्ये काही शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. दुपारचा उपग्रह गेला की मग भाताचं काड पेटायचं. एका जागी उभ्या असलेल्या कोरियाच्या उपग्रहानं संध्याकाळच्या आगी पकडल्या. मास्तर वर्गाबाहेर पडल्यावर पोरं करतात तेच, दुसरं काय!

ही पंजाबची गोष्ट सांगायला एक कारण आहे. तिथल्या आगी सरकार रोज मोजतं. भाताच्या हंगामात, 15 सप्टेंबर ते 30 नोव्हेंबर, दिल्लीची कृषी संशोधन संस्था उपग्रहावरून रोजचा आकडा काढते. पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश, दिल्ली, राजस्थान, मध्य प्रदेश, अशी सहा राज्यं. महाराष्ट्र त्यात नाही. जंगलातल्या आगींचं वेगळं खातं आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था 2004 पासून उपग्रहावरून आगी शोधते आणि वनखात्याच्या माणसांना मोबाइलवर संदेश पाठवते. चांगली सोय आहे. पण आमचा बांध ना भातात बसतो ना जंगलात. आग उपग्रहाला दिसते, ठिपकाही पडतो, आणि तो बघणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नाही. दिल्लीचा घसा धरला की मोजदाद सुरू होते. आमच्या घशाचं काय?

आमच्या ओळखीतली एक बाई आहे. नाव सांगत नाही. नवराबायको कोयत्यावर जातात, दिवाळीनंतर निघतात ते मार्चमध्ये परत येतात. घरी म्हातारा सासरा, तो तीन एकर ज्वारी सांभाळतो. दोन वर्षांमागं चैत्रात तिची कडब्याची गंज जळाली. दोन गाई आणि एक कालवड, त्यांची पुरी वर्षाची वैरण. शेजारच्यानं बांध पेटवला होता हे सगळ्या शिवाराला माहीत. पण त्याचं म्हणणं, "मी सकाळी पेटवला, सकाळीच इझवला. संध्याकाळी रस्त्यानं जाणाऱ्या कुणीतरी इडी टाकली आसंल." पंचनाम्यात कारण 'अज्ञात'. कालवड तिनं बाजारात नेऊन विकली, पडत्या भावानं. उन्हाळ्यात सगळेच वैरणीअभावी विकायला काढतात, भाव कुठून येणार?

तिनं मला एकदा विचारलं, "वैनी, तुमी म्हणता वरून समदं दिसतं. मग माझी गंज जळताना कुणी बघितलं न्हाई व्हय?"

बघितलं होतं. तेच तर सांगते आहे. बघणं आणि कळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे पहिलीवर कोट्यवधी खर्च होतो, दुसरी मात्र गावाच्या वेशीपर्यंत पोचत नाही.

माझी भाची न्यू जर्सीला असते. जून 2023 मध्ये कॅनडातल्या जंगलांना आगी लागल्या. त्या वर्षी तिथं दीड कोटी हेक्टरच्या आसपास जंगल जळालं. क्यूबेककडचा धूर न्यूयॉर्कपर्यंत आला आणि 7 जूनला तिथं दिवसाढवळ्या आभाळ नारिंगी झालं. तिनं फोटो पाठवला तेव्हा मला वाटलं मोबाइल बिघडलाय. पण ती घाबरलेली नव्हती. कारण धूर येणार हे तिला आधीच कळलं होतं. हवेचा आकडा मोबाइलवर, शाळेचा निरोप मोबाइलवर, पोरांना मैदानात सोडणार नाही म्हणून. तिनं खिडक्या लावून घेतल्या, सासऱ्यांना दमा आहे म्हणून त्यांचं फिरणं बंद केलं. धूर तिकडेही आला, पण निरोप त्याच्या आधी आला.

तुम्ही म्हणाल, ती अमेरिका. बरं, मग आपलं उदाहरण देते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं वीज पडण्याचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप काढलं. वीज किती माणसं आणि गुरं नेते हे मराठवाड्यात सांगायची गरज नाही. आता आमच्या वाडीवरच्या पोरांच्या मोबाइलमध्येही दामिनी असतं. आभाळ वाजलं की पोरगं ओरडतं, "आज्जे, झाडाखाली थांबू नको." म्हणजे निरोप गावापर्यंत येऊ शकतो! त्याच संस्थेनं हवेच्या अंदाजाची 'सफर' ही सेवा सुरू केली, पण ती दिल्ली, पुणे, मुंबई आणि अहमदाबाद या चार शहरांसाठी. धुळीला आणि धुराला शहराची हद्द कळत असती तर माझी काही तक्रार नव्हती.

यात आणखी एक अडचण आहे, आणि ती बायकांची जास्त. उपग्रह वरून खालपर्यंतची सगळी हवा एकदम बघतो. धूर तीन किलोमीटर उंचीवरून चाललाय की आपल्या ओसरीतून, हे त्याला एकट्याला धड सांगता येत नाही. त्यासाठी जमिनीवर यंत्र लागतं. ही यंत्रं बहुतेक शहरांत आहेत. आमच्या आठवडी बाजारात गुरांच्या खुरांनी जी धूळ उडते, खडी क्रशरच्या बाजूच्या वस्तीवर जे पीठ रोज बसतं, ते वरूनही दिसत नाही आणि खालीही कुणी मोजत नाही. हवेतल्या अतिबारीक कणांची आपल्या देशाची मर्यादा आहे, एका घनमीटरला दिवसाची सरासरी 60 मायक्रोग्रॅम. मर्यादा साऱ्या देशाला, मोजमाप मात्र ठरावीक ठिकाणी.

आणि चूल? तिच्याबद्दल तर बोलायलाच नको. छपराखालचं उपग्रहाला दिसत नाही. घरातल्या सरपणाच्या आणि अशा इतर धुरानं 2020 या एका वर्षात जगभरात 32 लाख माणसं गेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. त्यात बायका आणि लेकरं किती असतील ते आपणच समजून घ्यावं. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली, शेगड्या घरोघर पोचल्या. पण दुसरं सिलिंडर भरायच्या वेळी हात आखडतो, आणि आंघोळीचं पाणी, गुरांचं आंबोण, भाकरी, हे परत पऱ्हाट्या-तुराट्यांवरच येतं. फडावरच्या कोपीत तर शेगडी असली तरी सिलिंडर भरायला कुठं जायचं? पहाटे तीनला उठून धुरात भाकरी थापणारी, मग दिवसभर उसाच्या फडात. जळीत ऊस असला की तोंड, नाक, पदर सगळं काळं. या बाईचा एक ठिपकाही कुठल्या नकाशावर नाही.

म्हणून मला वाटतं, हे काम आपण आपल्या पातळीवर मागायला हवं. ग्रामसभेच्या आधी महिलासभा घ्यायची असते हे कायद्यात आहे, आणि बहुतेक गावांत ती फक्त सह्यांपुरती होते. तिथं बोला. बांध पेटवायचाच असेल तर ग्रामपंचायतीत सांगून, वारा पडलेला बघून, दोन माणसं आणि पाण्याचा टँकर उभा करून पेटवा, असा ठराव करायला पैसे लागत नाहीत. डोंगराच्या कडेनं वनखातं जाळरेषा काढतं, तशी गंजीभोवती चार हात जागा नांगरून मोकळी ठेवायला एका सकाळचं काम आहे. आणि शाळेत जाणाऱ्या पोरीला सांगा, मार्च ते मे रोज संध्याकाळी नकाशा उघडून आपल्या शिवारातले ठिपके वहीत लिहून ठेव. तारीख, वेळ, दिशा. ई-मेलवर इशारा मागवायची सोयही त्या नकाशावर आहे. तालुक्याच्या साहेबांकडे वही घेऊन गेलेली बाई आणि नुसतं तोंडी सांगणारी बाई यांना मिळणाऱ्या खुर्चीत फरक असतो, हे मी अनुभवानं सांगते.

काही जणी म्हणतील, गावात राहायचं तर भाऊबंदकी कशाला वाढवायची? हा विचार माझ्याही मनात येतो. ठिपका दाखवून कुणाला चोर ठरवू नये, हे मी वर सांगितलंच. पण खोटी वेळ सांगणाऱ्याला खरी वेळ ऐकवण्यात भाऊबंदकी कसली?

गेल्या उन्हाळ्यात ती बाई कुरडयांच्या चिकाला मदत म्हणून माझ्याकडे आली होती. काम झाल्यावर मी धाकट्याला हाक मारली आणि तिच्या गंजीची तारीख नकाशावर टाकायला सांगितली. तारीख तिच्या तोंडपाठ होती. नकाशा हळूहळू उघडला. नेकनूर, मांजरसुंब्याचा रस्ता, ओढ्याचं वळण, आणि ओढ्याच्या अलीकडे एक लाल ठिपका. त्याच्यापुढं वेळ होती 8 वाजून 12 मिनिटं. ती म्हणाली, "म्हंजी सकाळीच की." धाकटा म्हणाला, "नाही मावशी, ही इंग्लंडची वेळ. यात साडेपाच तास मिळवायचे." त्यानं बोटांवर मोजलं. दुपारचे 1 वाजून 42 मिनिटं. सकाळी विझलेलीही नव्हे आणि संध्याकाळी लागलेलीही नव्हे.

ती बराच वेळ त्या ठिपक्यावर बोट ठेवून बसली. चिकाचं बोट, काचेवर पांढरा डाग पडला.

"हे माझीच गंज हाय का?"

"तुझी की बांधाची, ते नाही सांगता येत. एवढ्या भागात कुठंतरी आग होती, एवढंच."

"वेळ तरी खरी हाय ना?"

"वेळ खरी आहे."

"मग एका कागदावर लिहून द्या वैनी. मोठ्या अक्षरात."

धाकट्यानं वहीचं पान फाडून तारीख आणि वेळ लिहून दिली. तिनं त्याची चार घड्या घालून पदराच्या गाठीला बांधली, आणि उन्हात घातलेल्या कुरडयांवर जुनं लुगडं पसरायला गच्चीवर गेली. वारं सुटलं होतं.